अँग्लो-सॅक्सन वाङ्मयातील पदरचे योद्धे : आदर्श आणि साक्ष

१

वीरकाव्य या वाङ्मयप्रकाराची चर्चा पदव्युत्तर वर्गात होते, तेव्हा होमर आणि महाभारत यांच्या जोडीने ‘बेओवुल्फ’चा निर्देश होतो आणि त्या निर्देशाला लागूनच एक विधान येते : प्राचीन जर्मानिक समाजात धनी रणात पडल्यावर त्याच्या पदरच्या योद्ध्याने जिवंत परतणे हे आजन्म लांछन मानले जात असे. हे विधान इतके रुळले आहे, की त्याला आधार काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आधार शोधू गेल्यास हाती मुख्यतः दोन संहिता लागतात. पहिली, रोमन इतिहासकार टॅसिटस याचा इ. स. ९८ मधील ‘जर्मानिया’ हा ग्रंथ, दुसरी, इ. स. ९९१ मध्ये एसेक्समधील मॉल्डन येथे झालेल्या लढाईवरची जुन्या इंग्रजीतील कविता. या दोहोंमध्ये सुमारे नऊशे वर्षांचे अंतर आहे. टॅसिटस लिहितो तो रोममधील वाचकांसाठी; ऱ्हाइनपलीकडच्या टोळ्यांचे गुण वर्णन करताना रोमच्या अधःपाताकडे त्याचा एक डोळा सतत लागलेला आहे. मॉल्डनचा कवी ख्रिस्ती आहे आणि तो ज्या देशात लिहितो, तो ख्रिस्ती होऊन तीन शतके लोटली आहेत. या दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर एका समाजाचा सगळा स्वभाव वाळत घालण्याची आपली रीत आहे.

धन्यासाठी मरण्याचा आदर्श त्या वाङ्मयात नव्हता, असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. तो होता, आणि त्याची काव्यमय अभिव्यक्ती श्रेष्ठ प्रतीची आहे. परंतु ते त्या समाजाच्या वर्तनाचे वर्णन नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट लोकांनी लेखणीच्या बळावर केलेली ती मागणी आहे, असे माझे मत आहे. मागणी आणि वर्णन यांतील हा भेद नजरेआड झाला, तर इतिहास तर चुकतोच, पण त्याहून अधिक नुकसान वाङ्मयाचे होते.

२

‘पदरचे योद्धे’ हा शब्दप्रयोग येथे हेतुतः केला आहे. ‘हुजुरात’ हा आपल्या इतिहासातील शब्द धन्याच्या खास फौजेपुरता मर्यादित आहे. अँग्लो-सॅक्सन धन्याच्या घरातला हा माणूस फौजेतला तर होताच, पण पंक्तीतलाही होता. धन्याला जुन्या इंग्रजीत जो शब्द आहे, ज्यापासून आजचा ‘लॉर्ड’ हा शब्द आला, त्याचा मूळ अर्थ ‘भाकरीचा राखणदार’ असा आहे. इ. स. ६०० च्या सुमाराच्या, केंटचा राजा एथेलबर्ट याच्या कायद्यांत आश्रितासाठी ‘भाकरी खाणारा’ असा शब्द येतो. अशा योद्ध्याला प्रारंभीच्या काळात ‘गेसिथ’ म्हणजे सोबती म्हणत. पुढे ‘थेन’ हा शब्द रूढ झाला, त्याचा मूळ अर्थ सेवक. काव्यात त्याला एकाच चुलीभोवतीचा सोबती म्हटलेले आढळते. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपला वाक्प्रचार ज्या संबंधातून जन्मला, त्या जातीचाच हा संबंध आहे. फरक इतकाच, की तेथे मिठाच्या जागी मधापासून केलेले मद्य आहे, आणि त्या मद्याच्या बाकावर बसून केलेल्या प्रतिज्ञेची आठवण रणांगणावर करून दिली जाते.

हा संबंध भावनेवर उभा होता तितकाच मोबदल्यावरही उभा होता. तरुण योद्धा धन्याच्या घरी राहून जेवणखाण, शस्त्रे, घोडा आणि सुवर्णकंकणे मिळवी. काही वर्षांच्या सेवेनंतर त्याला जमीन मिळे, मग तो लग्न करून घर मांडी. हे चक्र थांबले तर काय होते, हे बीड या धर्मोपदेशक इतिहासकाराने इ. स. ७३४ मध्ये बिशप एग्बर्टला लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे. नावापुरते मठ स्थापन करून सरदारांनी इतकी जमीन अडकवून ठेवली आहे, की सरदारपुत्रांना आणि सेवा बजावलेल्या योद्ध्यांना देण्यास जमीन उरलेली नाही. परिणामी ते देश सोडून जातात किंवा अविवाहित राहून स्वैर वागतात, अशी त्याची तक्रार आहे. ज्यांनी देशाचे रक्षण करावयाचे तेच देश सोडतात, याची त्याला चिंता आहे. येथे निष्ठेचा पाया स्वभावात नसून जमिनीत असल्याचे एका साधुपुरुषाने स्वच्छ ओळखले आहे.

पुढील काळातील कागदपत्रे हेच चित्र अधिक तपशिलाने देतात. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचे चरित्र इ. स. ८९३ मध्ये ॲसर याने लिहिले. त्यात राजाच्या योद्ध्यांच्या तीन पाळ्यांचा उल्लेख आहे : एक महिना दरबारी चाकरी आणि दोन महिने घरी. थेन मरण पावला म्हणजे त्याच्या धन्याकडे शस्त्रे व घोडे परत करावयाची प्रथा होती. कनूट राजाच्या, १०२० च्या सुमाराच्या कायद्यात त्याचे प्रमाण ठरवून दिले आहे : राजाच्या निकटच्या थेनसाठी चार घोडे, दोन तलवारी, चार भाले, तितक्याच ढाली, शिरस्त्राण, चिलखत आणि सोन्याची ५० मँकस नाणी. म्हणजे दिलेले दान हे कायमचे दान नव्हते. त्याचा हिशेब होता. राजपुत्र एथेलस्टान याने १०१४ मध्ये मृत्युपत्र केले. त्यात त्याने आपला जेवणघराचा थेन, शिकारी आणि तलवारींना धार-पाणी देणारा कारागीर यांना नावे घेऊन देणग्या दिल्या आहेत. वीरकाव्यातील दिवाणखाना या यादीमुळे एकदम माणसांनी भरून जातो. आणि १०४१ मध्ये वुस्टर येथे हार्थाकनूट राजाचे दोन ‘हाउसकार्ल’ लोकांनी ठार मारले, ते कर वसूल करण्यास गेले असताना. पदरचा योद्धा रणातच नव्हे, तर वसुलीच्या दारातही उभा असे.

३

आता काव्याकडे वळू. ‘बेओवुल्फ’ हे ३१८२ ओळींचे काव्य निष्ठेचे महाकाव्य म्हणून सांगितले जाते. त्याच्या अखेरच्या भागात वृद्ध राजा सर्पासुराशी लढत असताना निवडून आणलेल्या अकरा सोबत्यांपैकी दहा रानात पळतात आणि विग्लाफ हा एकटा तरुण धन्याच्या बाजूला उभा राहतो. निष्ठेच्या महाकाव्यातील हे प्रमाण दहास एक असे आहे. विग्लाफ पळपुट्यांची जी निर्भर्त्सना करतो, तीत तो त्यांच्या मनोधैर्याविषयी बोलतो तसाच मिळालेल्या तलवारींविषयी आणि आता हातची जाणाऱ्या जमिनीविषयीही बोलतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट नायकाची आहे. बेओवुल्फचा धनी हिगेलाक फ्रिसियावरील स्वारीत मारला गेला, तेव्हा बेओवुल्फ तेथे होता. तो मेला नाही. तीस चिलखते घेऊन समुद्र पोहून घरी आला आणि पुढे राजा झाला. या परतण्याबद्दल कवी त्याला अवाक्षरानेही दोष देत नाही. टॅसिटसचा नियम त्या समाजाचा खरोखरीचा नियम असता, तर हे काव्य मधोमध मोडून पडले असते.

याच काव्यात गायकाच्या तोंडी फिन्सबर्गची कथा येते. हनाफ मारला गेल्यावर त्याचे योद्धे शत्रुपक्षाच्या राजाशी तह करून त्याच्याच दिवाणखान्यात हिवाळा काढतात. हेंगेस्टच्या मनात सूड धुमसत आहे, पण समुद्र गोठलेला आहे आणि जेवण शत्रूच्या हातचे आहे. कवीला येथे रस आहे तो या असह्य अवघडलेपणात. एक्सेटरच्या संग्रहातील ‘भटक्या’ म्हणून ओळखली जाणारी ११५ ओळींची कविता तर संपूर्णपणे धनी गमावून जिवंत राहिलेल्या माणसाची आहे. धन्याच्या मांडीवर हात आणि मस्तक ठेवल्याचे स्वप्न पाहून तो जागा होतो, तेव्हा समोर करड्या लाटा आणि पंख पसरणारे समुद्रपक्षी असतात. जगल्याची लाज त्याला वाटत नाही. त्याला वाटते ते पोरकेपण. त्याच संग्रहातील ‘डेओर’ या कवितेत धन्याने आपली जमीन दुसऱ्या गायकाला देऊन टाकल्याचे गाऱ्हाणे आहे. निष्ठा तुटते तेव्हा ती नेहमी खालूनच तुटते असे नाही, हे या कवीला ठाऊक होते.

या पार्श्वभूमीवर मॉल्डनची कविता वाचावी. एसेक्सचा अधिकारी बिर्टनोथ पडतो. ओड्डाचा मुलगा गॉड्रिक आपल्या भावांसह धन्याच्याच घोड्यावर बसून पळतो. तो घोडा ओळखून धनीच निघाला असे वाटल्याने बरेच जण त्याच्यामागे जातात आणि ढालींची भिंत फुटते. उरलेले एकेक जण बोलून मरणाकडे जातात. त्यांत उच्चकुलीन एल्फविने आहे, साधा शेतकरी डनेरे आहे, वृद्ध बिर्टवोल्ड आहे. पण या लढाईविषयी दुसरी एक जवळजवळ समकालीन साक्ष उपलब्ध आहे. रॅमझी मठातील बिर्टफर्थ याने संत ऑस्वल्डच्या चरित्रात बिर्टनोथच्या मृत्यूचे वर्णन केले असून तो पडल्यावर बाकीचे पळून गेले, असे थोडक्यात सांगितले आहे. त्याच वर्षी डेन लोकांना १०,००० पौंडांची खंडणी देण्यात आली. पराभव, पळ आणि खंडणी यांच्या छायेत कोणीतरी बसून या न पळालेल्यांची नावे एकामागून एक लिहिली. ही कविता म्हणजे ‘आम्ही असे असतो’ असे सांगणारे प्रशस्तिपत्र नव्हे. ‘काहीजण तरी असे होते’ असा तो हट्ट आहे. तिचे कारुण्य या हट्टात आहे. सगळेच तसे होते असे मानले, की ते कारुण्य नाहीसे होते.

४

गद्य साधनांतील दोन कथा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. पहिली ‘अँग्लो-सॅक्सन बखर’ म्हणता येईल अशा वार्षिक वृत्तांतातील. ७५५ या सालाखालील नोंदीत राजा किनेवुल्फ आणि त्याचा प्रतिस्पर्धी किनेहर्ड यांची हकीकत येते. किनेवुल्फचा वध ७८६ मधील आहे. राजा बाईच्या भेटीस गेलेला असताना वेढला जाऊन मारला जातो. त्याच्या योद्ध्यांना पैसा आणि जीवदान देऊ केले जाते, ते नाकारून सर्व लढून पडतात. दुसऱ्या दिवशी राजाचे उरलेले लोक येतात, तेव्हा हाच देकार उलट दिशेने होतो. दोन्ही बाजूंना एकमेकांचे नातेवाईक आहेत. तरीही कोणताही नातलग धन्याहून प्रिय नाही, असे उत्तर मिळते. कथा अप्रतिम आहे. पण हा वृत्तांत ज्या स्वरूपात आपल्या हाती आहे ते ८९० च्या सुमारास, आल्फ्रेडच्या काळात सिद्ध झाले. त्याच आल्फ्रेडच्या कायद्याच्या प्रस्तावनेत सर्व अपराधांना द्रव्यदंडाची सवलत आहे, धनिद्रोहाला मात्र नाही; ख्रिस्ताचा घात करणाऱ्याला क्षमा नव्हती, असे त्याचे कारण दिले आहे. नातलगासाठी लढता येईल, परंतु धन्याविरुद्ध नव्हे, हेही त्याच कायद्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीची कथा आणि समकालीन कायदा एकच वाक्य बोलतात, तेव्हा कथा कोणाच्या गरजेतून निवडली गेली, हे विचारणे प्राप्त होते.

दुसरी कथा बीडच्या ७३१ मध्ये पूर्ण झालेल्या धर्मेतिहासातील. ट्रेंट नदीकाठच्या ६७९ च्या लढाईत राजपुत्र एल्फविने मारला गेला आणि त्याच्या पदरचा इम्मा नावाचा तरुण प्रेतांत बेशुद्ध पडला. शुद्धीवर येऊन, जखमा बांधून तो निघाला आणि शत्रूच्या हाती सापडला. आपण लग्न झालेला गरीब शेतकरी असून सैन्याला शिधा पोचवायला आलो होतो, असे त्याने सांगितले. पुढे चेहरा, वागणे आणि बोलणे यांवरून तो कुलीन असल्याचे उघड झाले. त्याला लंडनमध्ये एका फ्रिसियन व्यापाऱ्यास विकण्यात आले आणि शेवटी केंटच्या राजाने दिलेल्या पैशाने तो सुटला. बीड ही कथा सांगतो ती प्रार्थनेचे सामर्थ्य दाखविण्यासाठी. इम्माचा भाऊ त्याच्यासाठी उपासना करी तेव्हा त्याच्या बेड्या गळून पडत. धनी मेल्यावर हा जगला, आणि जगण्यासाठी खोटे बोलला, याबद्दल बीड त्याला दूषण देत नाही. हाच बीड अन्यत्र, ६२६ मध्ये मारेकऱ्याची विषारी तलवार स्वतःच्या अंगावर घेऊन एडविन राजाला वाचविणाऱ्या लिल्ला या थेनची गोष्ट गौरवाने सांगतो. म्हणजे आत्मार्पण त्याला स्तुत्य वाटते, पण जगणे निंद्य वाटत नाही. या दोहोंमधील मोकळी जागा आपल्या पाठ्यपुस्तकी विधानात उरत नाही.

कायदे हीच गोष्ट उलट बाजूने सांगतात. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात लष्करी चाकरीस न येणाऱ्या जमीनदार गेसिथला १२० शिलिंग दंड आणि जमीन जप्त, बिनजमिनीच्यास ६० शिलिंग, साध्या शेतकऱ्यास ३० शिलिंग अशी तरतूद आहे. कनूटच्या कायद्यात धन्याला टाकून भ्याडपणे पळणाऱ्याचे सर्वस्व आणि प्राण जातात. उलट धन्यासमोर पडलेल्याची शस्त्रे परत मागितली जात नाहीत आणि जमीन वारसांकडे राहते. जे सर्वजण स्वभावतःच करीत होते, त्यासाठी इतकी शिक्षा आणि इतके बक्षीस लागते काय? हा कायदा ज्याच्या लेखणीचा, तो आर्चबिशप वुल्फस्टन आपल्या १०१४ च्या प्रवचनात राजाला देशाबाहेर घालविल्याबद्दल लोकांना धनिद्रोही म्हणतो. त्याच वर्षी सरदारांनी एथेलरेड राजाला परत बोलावले, ते पूर्वीपेक्षा न्यायाने राज्य करील या अटीवर. निष्ठेच्या उपलब्ध शपथेतही धन्याने आपल्याला योग्यतेप्रमाणे वागवावे आणि कराराप्रमाणे द्यावे, ही अट आहे. काव्यातली निष्ठा बिनशर्त आहे, शपथेतली नाही.

५

हे सर्व लिहिले कोणी? जुन्या इंग्रजीतील सुमारे ३०,००० ओळींचे काव्य आज उपलब्ध असून त्याचा बहुतांश चार हस्तलिखितांत आहे आणि ती साधारणतः इ. स. १००० च्या आगेमागेची आहेत. ती लिहिणारे हात धर्मपीठांतील होते. वेर्चेल्ली येथील हस्तलिखितातील क्रूसाच्या स्वप्नाच्या कवितेत ख्रिस्त हा तरुण योद्धा आहे आणि क्रूस त्याचा पदरचा सेवक. परंतु धन्याच्या मृत्यूचे साधन होणे हीच या सेवकाला मिळालेली आज्ञा आहे. निष्ठेच्या कल्पनेला इतका विलक्षण पीळ देणारा कवी त्या कल्पनेचा नुसता वाहक असू शकत नाही. तो तिचा भाष्यकार आहे. आणि जे टिकले तेही योगायोगाने टिकले. २३ ऑक्टोबर १७३१ रोजी ॲशबर्नहॅम हाउसला लागलेल्या आगीत ‘बेओवुल्फ’च्या कडा होरपळल्या आणि मॉल्डनचे हस्तलिखित नष्ट झाले. त्याआधी डेव्हिड कॅस्ली याने केलेल्या नकलेवरून ते १७२६ मध्ये छापले गेले होते, म्हणून आज आपल्याला आद्यन्त हरवलेल्या ३२५ ओळी वाचता येतात. एवढ्या तुटपुंज्या अवशेषांवरून सहाशे वर्षांच्या समाजाचा स्वभाव ठरविताना हात थोडा कापावयास हवा.

या प्रश्नाची चर्चा इंग्रजी अभ्यासकांत झालेलीच आहे. रोझमेरी वुल्फ यांनी १९७६ मध्ये, धन्यासह मरण्याचा आदर्श मधल्या शतकांतील साधनांत आढळत नाही, हे दाखवून दिले. रोबर्टा फ्रँक यांनी १९९१ मध्ये, हा आदर्श जुन्याचा अवशेष की नव्या काळाची लाट, असा प्रश्न उपस्थित केला. तरीही साररूप हस्तपुस्तिकांत जुनेच विधान चालू राहते. आणि आपल्याकडे पोचतात त्या बहुधा हस्तपुस्तिकाच.

एका आक्षेपाचा विचार येथे केला पाहिजे. आदर्श हाही एक सामाजिक वास्तवच असतो. माणसे आदर्शासाठी मरतात, असे कोणी म्हणेल. हे मान्य आहे. लिल्लाने कोणताही कायदा वाचून तलवार अंगावर घेतली नाही. परंतु आदर्श वास्तव असतो तो ताणाच्या रूपाने. एकीकडे नाते, जमीन, जीव आणि दुसरीकडे शब्द, अशा ओढाताणीत तो माणसाला उभे करतो. वाङ्मय या ओढाताणीतून जन्मते. तो वंशाचा स्वभाव ठरला, की ओढाताण संपते आणि घोषवाक्य उरते. विसाव्या शतकात हे घडलेही. टॅसिटसच्या ग्रंथाचे जुने हस्तलिखित हस्तगत करण्यासाठी १९४३ मध्ये नाझींच्या एस. एस. संघटनेने इटलीतील एका सरदार घराण्याचा वाडा धुंडाळला. निष्ठा हीच आमची प्रतिष्ठा, असा आशय या संघटनेच्या पट्ट्याच्या बकलावर कोरलेला असे. ‘अँग्लो-सॅक्सन’ या संज्ञेचा वांशिक अभिमानासाठी वापर होतो म्हणून तद्विषयक आंतरराष्ट्रीय अभ्यासक-संस्थेने २०१९ मध्ये आपल्या नावातून ती काढून टाकली. नाव बदलल्याने वाचन बदलतेच असे नाही. परंतु वाचनाची जबाबदारी किती दूरवर पोचते, हे त्यावरून कळते.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घासून पाहिल्या, तेव्हापासून आपल्याकडे बखरीची साक्ष किती ग्राह्य, हा वाद चालू आहे. त्या वादाने आपल्याला संशय शिकविला. त्याच्या पुढची पायरी अशी, की जी संहिता घटनेविषयी अविश्वसनीय ठरते, ती लिहिणाऱ्याच्या काळाविषयी, त्याच्या भीतीविषयी आणि गरजेविषयी मोलाची साक्ष देते. हे काम इतिहासाच्या विभागाने करावयाचे नसून वाङ्मयाच्या विभागाने करावयाचे आहे. म्हणून वर्गात मॉल्डनची कविता शिकविताना शेजारी बिर्टफर्थचे ते एक वाक्य, कनूटचे पळपुट्याविषयीचे कलम आणि इम्माची गोष्ट ठेवावी, एवढीच सूचना. मरणाकडे चाललेला वृद्ध बिर्टवोल्ड त्यामुळे लहान होत नाही. त्याला पळता आले असते, आजूबाजूचे पळत होते, आणि कित्येकांनी जगून नव्या धन्याची भाकरी खाल्ली, हे ठाऊक असतानाच त्याचे थांबणे पूर्णपणे त्याचे स्वतःचे ठरते.